कोरडी पांढरी आणि गोड मोह

पातळ पदार्थ कोरडा असू शकतो, हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला पटवणे अंमळ कठीणच. इथे कोरडे म्हणजे पाऊस रुसलेले धानाचे बांध. नाहीतर सरळ शेजारचा गडचिरोली जिल्हा, जिथे 1993 पासून दारूबंदी आहे. पण दक्षिण फ्रान्सच्या पांढऱ्या वाइनला 'ड्राय' म्हणतात आणि बाटलीत पाहावे तर सगळे ओलेच. भानगड एवढीच, की द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना दारू होऊन गेलेली असते. गोडी संपली, की झाली कोरडी! आपल्याकडे अशा माणसाला खडूस म्हणतात. तिकडे त्याचे पैसे पडतात.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ही वाइन बहुधा एकाच द्राक्षाची करत नाहीत. ग्रेनाश ब्लां, क्लेरेत, रूसान अशी चार घरची मंडळी एकत्र आणतात. म्हणजे आपली मिसळच म्हणा ना. सोबत मासे, कोंबडी, शेळीच्या दुधाचे चीज. नवेगावबांधच्या तलावातला मासा हळद-मीठ लावून तळला, तिखटाचा हात आखडता घेतला आणि वर लिंबू पिळले, तर हिच्याशी त्याचे बरे जमावे. सावजी रश्श्याशी मात्र सोयरीक करू नये. पहिल्याच घासाला बिचारीचा सुवास गारद!

आता थोडा इतिहास. 1860 नंतरच्या दशकात याच दक्षिण फ्रान्समधल्या वेली पटापट माना टाकू लागल्या. 1868 साली प्लांशोन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळे उकरून पाहिली, तर तिथे बारीक पिवळ्या किडींची जत्रा भरलेली. फिलॉक्सेरा तिचे नाव, माहेर अमेरिका. पुढे उपायही माहेराहूनच आला : खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच कलम. पण तोवर प्यायचे काय? मद्य गाळणारे मिळेल तिथून साखर शोधू लागले. त्या काळात मुंबई बंदरातून फ्रान्सकडे जी पोती गेली, त्यांत होती आपल्याकडची वाळलेली मोहफुले. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते. इथल्या रानात गळलेले फूल तिकडे जाऊन मद्य झाले आणि बाटलीत बसून सभ्य झाले.

आणि इकडे? 1878 साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. 1892 साली तर खास मोहफुलांसाठीच वेगळा कायदा झाला. झाडाखालचे फूल उचलायचे तरी सरकारची आठवण ठेवायची! गोंदिया त्या वेळी मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात. इथली कायद्याची पुस्तके निराळी, पण सरकारची तहान तीच. भट्टीच्या धुरातूनही महसूल निघतो, हे साहेबाला नेमके ठाऊक. साहेब गेला, पण 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुले होतीच, आणि तो कायदा पुढे विदर्भालाही लागू झाला.

नाशिककडच्या द्राक्षाचे नशीब बघा. वाइन उद्योगाला उत्तेजन देणारे राज्याचे धोरण 2001 साली आले. मोहफुले गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची बंधने सैल व्हायला 2021 साल उजाडले. वीस वर्षे! द्राक्षाची ओळख वर असावी, एवढाच याचा अर्थ.

मोहाची दारू संसार बुडवते, हे खोटे नाही. गडचिरोलीत बंदीसाठी उभ्या राहिलेल्यांत बायाही होत्या, त्या उगीच नव्हे. पण संसार बुडवताना दारू आपले गाव सांगत नाही. फ्रेंच असो, नाशिकची असो, की सालेकशाच्या रानातली. गुन्ह्याचा शिक्का मात्र रानातल्या फुलावरच आधी बसला, आणि ज्या घरात ते फूल दारूच्या आधी पोटाला लागते, त्या घरावरही बसला.

कारण मोह म्हणजे नुसती भट्टी नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे देवरी-सालेकशाच्या रानात बाया-पोरे टोपल्या घेऊन निघतात. रात्री गळलेली फुले वेचायची, अंगणात वाळवायची. काही विकली की मीठ-मिरचीची सोय होते. काही घरातच राहतात, भाजून खायला, लाडू वळायला. या वाळल्या फुलाला इथे कुणी 'ड्राय' म्हणत नाही. पण कोरडे असून गोड राहिलेले काही हवेच असेल, तर ते त्या टोपलीत आहे.