अवयवीकरण आज्ञावलीतील दोषनिदान

पूर्णांक अवयवीकरण आज्ञावली म्हणजे दिलेल्या संयुक्त संख्येचे मूळ अवयव शोधणारी संगणकीय आज्ञावली होय. जीएमपी-ईसीएम, एमसीव्ह, याफू आणि काडो-एनएफएस ही त्यांपैकी प्रचलित नावे आहेत. हाती आलेले उत्तर एका गुणाकाराने पडताळता येते. तेथवर पोहोचण्यापूर्वी अडलेल्या गणनेतील दोष शोधणे मात्र कठीण असते. मोठ्या संख्येसाठी ही गणना आठवडे किंवा महिने चालते. त्यामुळे दोष कोणत्या टप्प्यात आहे हे आधी ठरवावे लागते.

गणनेचे तत्त्व

वर्ग चाळणी व संख्याक्षेत्र चाळणी या दोन्ही पद्धती समान बाकी देणारे दोन वर्ग शोधतात. उदाहरणार्थ, १८१७ या संख्येसाठी ४३ व ४७ यांच्या वर्गांतून १८१७ वजा केल्यास अनुक्रमे ३२ व ३९२ उरतात. यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही, परंतु त्यांचा गुणाकार १२५४४, म्हणजे ११२ चा वर्ग आहे. ४३ × ४७ = २०२१ असून त्याला १८१७ ने भागल्यास बाकी २०४ राहते. २०४ − ११२ = ९२ आणि १८१७ यांचा मसावि २३ येतो; म्हणून १८१७ = २३ × ७९.

नेहमीच्या अडचणी

पुष्कळ तक्रारींचे मूळ दिलेल्या संख्येतच असते. नक्कल करताना एखादा अंक गळतो, किंवा संख्या मुळात मूळ संख्या अथवा मूळ संख्येचा घात असते. अशा संख्येवर चाळणी कितीही चालवली तरी उपयोग होत नाही. म्हणून मूळत्वाची व घाताची चाचणी प्रथम घेतात आणि लहान अवयव भागाकाराने काढून टाकतात.

लंबवर्तुळी वक्र पद्धतीला अवयव सापडला नाही, तर तो दोष मानता येत नाही. ती पद्धत संभाव्यतेवर आधारलेली आहे. दर वेळी नवा वक्र घ्यावा लागतो. अनेक संगणकांना एकच आरंभबीज दिल्यास सर्व जण तेच काम पुन्हा करतात. ही चूक सहज होते आणि पडद्यावर काहीही चुकीचे दिसत नाही.

चाळणीत मिळालेला प्रत्येक संबंध स्वतंत्रपणे तपासता येतो. बिघडलेला संबंध गाळला की हानी थोडी होते. मॅट्रिक्सच्या टप्प्यात तसे नाही: सदोष रॅममुळे एक बिट बदलला तरी पुढची सर्व गणना वाया जाऊ शकते. यासाठी मधली स्थिती ठरावीक अंतराने साठवली जाते. हाच दोष वारंवार आल्यास आज्ञावलीवर संशय घेण्याआधी रॅमची चाचणी करणे आणि प्रोसेसरचा वाढवलेला वेग मूळ पातळीवर आणणे श्रेयस्कर ठरते.

अखेरीस मसावि १ किंवा मूळ संख्याच येणे हा दोष नव्हे. दोन भिन्न विषम मूळ अवयवांच्या संख्येत प्रत्येक प्रयत्न फसण्याची शक्यता सुमारे निम्मी असते, म्हणून आज्ञावली अनेक अवलंबित्वे तयार ठेवते. १९९४ मध्ये १२९ अंकी आरएसए-१२९ चे अवयव मिळाले, तेव्हा सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आठ महिने संबंध गोळा केले होते. तरीही पहिल्या तीन अवलंबित्वांतून काहीच हाती लागले नाही. चौथ्यातून अवयव मिळाले. दहा-वीस प्रयत्न ओळीने फसल्यास मात्र मूळ संख्या व वर्गमुळाचा टप्पा पुन्हा तपासावा लागतो.

साहाय्य मागताना

'चालत नाही' एवढ्या वर्णनावरून निदान होत नाही. पूर्ण संख्या, आज्ञावलीची आवृत्ती, दिलेली आज्ञा, आरंभबीज आणि नोंदवहीतील अखेरच्या ओळी जशाच्या तशा द्याव्यात. पडद्याच्या छायाचित्रातून शंभर अंक टंकून घेणे वाचणाऱ्यास त्रासाचे असते. तीच चूक एखाद्या लहान संख्येवर दाखवता आल्यास उत्तम, कारण तपासणाऱ्यास ती काही सेकंदांत पुन्हा घडवता येते. संख्या कोठून आली हेही सांगावे. ती दुसऱ्याच्या गुप्त किल्लीचा भाग असल्यास जाणकार सहसा मदत नाकारतात.