इंदापूर तालुका : भूमी, शासन आणि अर्थव्यवस्था

एखाद्या देशाचा परिचय करून देताना भूगोल, शासन आणि अर्थव्यवस्था अशी तीन स्वतंत्र प्रकरणे पाडण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ही तिन्ही अंगे परस्परांत गुंतलेली असतात. पर्जन्यमानावरून पीक ठरते, पिकावरून सारा ठरतो आणि सारा कोणाच्या नावे लिहिला जातो यावरून भूमीवरील अधिकार ठरतो. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका हे याचे बोलके उदाहरण होय.

या तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, तर दक्षिणेस नीरा वाहते. नरसिंहपूर येथे दोन्ही नद्यांचा संगम होतो. नद्यांनी वेढलेला असूनही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश अवर्षणाचाच राहिला. ज्वारी, बाजरी ही येथील परंपरागत पिके. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले. त्यामुळे बागायत व ऊस वाढला. बारामती-इंदापूर मार्गावरील निमगाव केतकी हे गाव विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे.

शासनाच्या इतिहासात या तालुक्याचे स्थान असाधारण आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे प्रांताची पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा आकारण्याचे तत्त्व ठरविले. हा बोजा रयतेला पेलवला नाही. जमिनी ओसाड पडू लागल्या. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने काम हाती घेतले. दर कमी करण्यात आले आणि १८३६ पासून ते तीस वर्षांसाठी कायम केले गेले. प्रत्येक शेताला क्रमांक, जमिनीची प्रतवारी आणि त्यानुसार आकार या मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया असा या तालुक्यात घातला गेला. मुदत संपल्यावर दर पुन्हा वाढले. १८७५ मध्ये आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, त्याच्या कारणांमध्ये ही वाढही गणली जाते.

मात्र या साऱ्या मोजणीत एक प्रश्न अस्पर्शित राहिला. गावाची शीव सर्वांत चांगली कोणाला ठाऊक होती? महाराला. शिवेचा वाद निघाला म्हणजे त्याचीच साक्ष प्रमाण मानली जाई. रयतेला चावडीवर बोलावणे, राखण करणे, साऱ्याची रक्कम तालुक्याच्या ठिकाणी पोहोचविणे ही कामेही त्याचीच. म्हणजे महसुली शासनाचा अखेरचा दुवा तोच होता. परंतु त्याच्या वाट्याला आला तो हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुत्याची भाकर. शेतकऱ्याला सारा भरून जमीन कसण्याचा हक्क मिळाला. महाराची जमीन मात्र चाकरीशी बांधलेली राहिली. १८७४ च्या वतन कायद्याने या बंधनाला कायद्याचे रूप दिले. कुटुंबे वाढत गेली, तुकडे लहान होत गेले. चाकरी मात्र आठही प्रहरांची राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेचे अर्थशास्त्र अचूक ओळखले. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी महार वतनाची चिकित्सा केली आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरून आपली जमीन रयतवारीने धारण करावी, हा त्यातील गाभा होता. इंदापूरच्या शेतकऱ्याला १८३६ मध्ये जे मिळाले, तेच महाराला मिळावे एवढीच ही मागणी होती. तीही मान्य होईना. १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले.

अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. आकाराच्या तिप्पट रक्कम भरल्यावर जमीन पूर्वीच्या वतनदाराकडे परत देण्याची तरतूद झाली. परंतु हस्तांतरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीची अट घालण्यात आली. चाकरी सुटली, तरी जमिनीवर रयतेसारखा मोकळा अधिकार आलाच असे नाही. ज्या गावांत रक्कम मुदतीत भरली गेली नाही किंवा कागद झाले नाहीत, तेथे कसणारा एक आणि सातबारावरील नाव दुसरेच अशी स्थिती उद्भवू शकते.

म्हणून प्रदेशाचा अभ्यास नद्या व पिकांच्या यादीवर थांबू नये. आपल्या गावातील वतनी जमिनीचा गट क्रमांक कोणता, ती केव्हा व कोणाच्या नावे परत दिली गेली, हे फेरफार नोंदवहीत पाहावे. गावाचा खरा इतिहास तेथून सुरू होतो.