हडपसर, सिकलसेल आणि जातीचे कुंपण

१८९७ च्या प्लेगात डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीमाई तिथे पोहोचल्या आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. आज त्याच हडपसरात सीरम इन्स्टिट्यूट उभी आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये सिकलसेलवरील 'बिरसा १०१' या जनुकीय उपचाराचे तंत्रज्ञान याच खासगी कंपनीकडे सोपवले.

सिकलसेलमध्ये चूक एका अक्षराची. हिमोग्लोबिनच्या जनुकात 'ए'च्या जागी 'टी' येतो आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. १९९६ मध्ये अमेरिकेत डीएनए-आरएनएच्या छोट्या जोडतुकड्याने हे अक्षर पेशीतच दुरुस्त केल्याचा दावा झाला. तुकडा जनुकाला चिकटेल आणि न जुळणारे अक्षर पेशीची स्वतःची यंत्रणा बदलेल, अशी ती कल्पना. इतर प्रयोगशाळांना तसे यश भरवशाने मिळाले नाही. पुढे क्रिस्पर आले. तिथेही नेमकी जागा शोधून देतो तो आरएनएचा छोटा तुकडाच!

आपल्याकडे १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये मांडली. 'हा महारांचा आजार' असे आम्ही आजही ऐकतो. साफ खोटे. तेली, कुणबी, गोंड, भिल्ल यांच्यातही तो आहे. एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेल्याला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखात ते टिकले. रक्ताच्या शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. संबंध आहे तो जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांशी. सजातीय विवाह हाच जातीचा प्राण, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात मांडले. त्याच कुंपणात जनुक फिरत राहते. दोघे वाहक भेटले की प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक.

आता प्रश्न पैशांचा. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या क्रिस्पर उपचाराची किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोलीच्या मजुराने ती कुठून आणायची? २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्व मानले, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातून रक्ताचे आजार वगळले. 'बिरसा १०१'मागचे संशोधन जनतेच्या पैशांवर झाले आहे. त्याला नाव आदिवासींच्या क्रांतिवीराचे दिले, मग आदिवासी आणि बौद्ध वस्तीतल्या रुग्णाला तो काय भावाने मिळणार, हे सरकारने आणि कंपनीने आत्ताच जाहीर करावे.