तळटीप ७ : डेमॉक्रसी सॉसेज

शाळेच्या फाटकाशी लेखकाला दिसलेला धूर मतदानाच्या दिवसाचा आहे. ऑस्ट्रेलियात १९२४च्या कायद्याने संसदेच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे झाले. १९२२ साली ६० टक्क्यांच्याही खाली राहिलेले मतदान १९२५ साली ९१ टक्क्यांवर गेले. सबळ कारणाशिवाय मत न देणाऱ्याला आजही २० डॉलर दंड होतो. मतदान कायद्यानेच शनिवारी असते आणि पुष्कळशी केंद्रे शाळांत असतात. म्हणून पालकमंडळी आवारातच बार्बेक्यूची शेगडी पेटवतात. पांढऱ्या पावाची एकच स्लाइस, तिच्यात आडवे ठेवलेले गरम सॉसेज, परतलेला कांदा, वर टोमॅटो सॉस. आणि ते धरायला कागदी रुमाल, बशी नाही. विक्रीचे पैसे शाळेच्या कामी येतात. ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने २०१६ साली ‘वर्षाचा शब्द’ म्हणून हाच शब्दप्रयोग निवडला. अनुवादात इथे ‘वडापाव’ घालता आला असता. पण आपल्याकडे मतदानकेंद्राच्या दारात असा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मेळा भरत नाही, आणि लेखकाला नेमके तेच भावले आहे. त्यामुळे मूळ शब्द तसाच ठेवला. — संपादक