आजोबांची दुनळी

आजोबा जाऊन आता वर्ष होईल. राजापूरजवळच्या कलमांवरून घरात कुणी भांडलं नाही (कोकणात हे आश्चर्यच म्हणायचं!), पण बंदुकीवरून मात्र तीन फोन आदळले. बारा बोअरची, बाहेर घोडे असलेली जुनी दुनळी. आजोबा गेल्यावर काकांनी नियमाप्रमाणे ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आणि तेव्हापासून प्रश्न लटकलाय. बाबा म्हणतात, विकून टाक. काका म्हणतात, दुरुस्त करून घे, वानरांनी काजू ठेवला नाही, निदान बार काढून हुसकता तरी येईल. आणि बाकीचे म्हणतात, तुला इतिहासाचं वेड आहे ना, मग तूच ठरव!

दोन शनिवार त्या दुकानात बसलो. दुकानदाराने सगळं नीट समजावलं. दस्त्याला तडा आहे, तो बदलायचा. घोड्यांच्या स्प्रिंगा बदलायच्या. नळ्या आतून-बाहेरून घासून काळ्याभोर करायच्या. "एकदम नवी दिसेल साहेब!" तसंच विकायचं असेल तरी गिऱ्हाईक मिळेल म्हणाले. 1980 च्या दशकात सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद झाली, तेव्हापासून जुन्या इंग्लिश मालाला मागणी आहेच.

मी म्हटलं, आधी नळ्यांच्या खालचं लिखाण बघू. जुना कोड कुणी लिहिला हे न बघता हात लावला की काय होतं, ते आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

नळ्या उतरवून भिंग लावलं. मुकुट आणि त्याखाली राजदंडांची फुली, म्हणजे बर्मिंगहॅमच्या सरकारमान्य चाचणीघराचा 1904 च्या आधीचा शिक्का. शेजारी पुसट इंग्रजी अक्षरं : नॉट फॉर बॉल. म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळलेलं आहे, ठोस गोळी घालू नका, फक्त छर्रे. हे शब्द तिथे साधारण 1875 ते 1887 एवढ्याच काळात ठोकले जायचे. मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. आपल्या माळ्यावरची वस्तू बारा वर्षांच्या खिडकीत पकडता येते!

आणि ती खिडकी साधीसुधी नाही. 1878 च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने दोन कायदे केले. एकाने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातलं, दुसऱ्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट. कायद्याला वर्ष व्हायच्या आत, 1879 च्या फेब्रुवारीत, वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यात बंड केलं. मग सरकार ढिलं कशाला सोडतंय? वर्तमानपत्रांचा कायदा काही वर्षांतच रद्द झाला. हत्यारांचा मात्र टिकला, काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांत तक्रार करूनही. गोऱ्यांची सूट गेली ती पहिलं महायुद्ध संपल्यावर. स्वतंत्र भारताने 1959 साली आपला कायदा केला, तो 1962 पासून लागू झाला. पण परवान्याची चौकट तीच.

आता आजोबांची पत्र्याची पेटी. त्यात परवान्याचे सगळे कागद, अगदी वाळवीने खाल्लेलेसुद्धा. सगळ्यात जुना 1926 चा, पणजोबांच्या नावाचा. हेतू : पिकांचे रक्षण. त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षं काहीच नाही. घरात ऐकलेली गोष्ट अशी की पणजोबांनी ती एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली. आजवर मला ती फुशारकी वाटायची. पण साहेबाला परवानाच लागत नव्हता तर कागद असणार कुठून? कोरी जागाच पुरावा झाली... (कोर्टात टिकणार नाही, पण मला पुरे.)

असो. मुद्दा काकांच्या वानरांचा. या नळ्या दमास्कस म्हणतात तशा आहेत : लोखंड-पोलादाच्या पट्ट्यांना पीळ देऊन, दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या. गंज पुसला की लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. त्यांची चाचणी झाली ती काळ्या दारूवर. आजचं काडतूस बिनधुराच्या दारूचं, त्याचा दाब नळीत वेगळ्या पद्धतीने वाढतो. त्यात आतून खड्डे पडलेत. आजोबा पितळी काडतुसं घरी काळ्या दारूने का भरत बसायचे ते आता कळलं, आम्हाला तो कंजूषपणा वाटायचा! दस्ता नवा करून, पॉलिश मारून ती काकांच्या खांद्याला लावायची म्हणजे त्यांच्या डाव्या हाताशी जुगार. आणि विकली तर तोच जुगार दुसऱ्या कुणाच्या हातावर. शिवाय नळ्या घासल्या की शिक्के आणि नक्षी दोन्ही गेली.

मग विनापरवाना शोभेची वस्तू म्हणून ठेवावी? कायदा जुन्यापुराण्या हत्याराला सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालता कामा नये. म्हणजे नळीला भोक पाडा. ते माझ्याच्याने होणार नाही.

तेव्हा ठरवलं : वारस म्हणून परवाना माझ्या नावावर मागायचा, दस्त्याचा तडा तसाच, नुसतं तेल-पाणी, एकही काडतूस नाही. निवडणूक आली आणि हुकूम निघाला की ठाण्यात जमा करायची, आजोबा करायचे तशीच. पोलीस पडताळणीचे हेलपाटे वेगळे. काकांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्याचा वेगळा अर्ज, आणि मिळाला तर भारतीय बनावटीची एकनळी, पैसे माझे.

काका फोनवर बराच वेळ गप्प होते. आधी म्हणाले, "न उडणारी बंदूक सांभाळायला परवाना काढतोस? पुण्यात जाऊन शहाणपण वाढलंय." परवा रात्री त्यांचाच फोन. "अरे, त्या दुकानदाराला बजावून सांग हो, नळीला पॉलिश पेपर लावू नको म्हणून."