बीबीसी मायक्रो : एका शालेय संगणकाचे जतन

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ साली आपल्या राज्यातील जमीनजुमला, नांगर, गिरण्या आणि गुरेढोरे यांची मोजदाद करून घेतली. त्या दफ्तराला 'डूम्सडे बुक' म्हणतात. या घटनेला नऊशे वर्षे होत होती, त्या निमित्ताने बीबीसीने एक आधुनिक डूम्सडे करायचे ठरवले. देशाचा नकाशा ४ किलोमीटर रुंद व ३ किलोमीटर उंच अशा आयतांत विभागला आणि एकेक आयत शाळांना वाटून दिला. मुलांनी आपल्या गावची दुकाने मोजली, म्हाताऱ्या माणसांशी बोलून टिपणे काढली, छायाचित्रे घेतली. हजारो शाळांतून आलेली ही सामग्री, सुमारे दीड लाख पाने आणि वीस हजारांहून अधिक छायाचित्रे, १९८६ साली लेसरने वाचायच्या मोठ्या चकत्यांवर प्रसिद्ध झाली. ती पाहण्यासाठी लागणाऱ्या संचाची किंमत सुमारे पाच हजार पौंड होती. त्यामुळे ज्या मुलांनी हे लिहिले त्यांतल्या बहुतेकांच्या शाळेला आपलेच लिखाण पाहणे परवडले नाही.

पंधरा वर्षांनी दुसरीच अडचण उभी राहिली. चामड्यावर शाईने लिहिलेले १०८६ चे दफ्तर वाचता येत होते, पण १९८६ च्या चकत्या वाचणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. 'चकत्या नष्ट झाल्या' असे या गोष्टीबद्दल पुष्कळदा सांगितले जाते, ते खरे नाही. चकत्या बहुतांशी ठीक होत्या. लयाला चालला होता तो त्यांना बोलते करणारा संगणक. तो संगणक बीबीसी मायक्रोच्या घराण्यातला होता, आणि त्याला जगवणाऱ्या मंडळींची हकिगत आपल्याकडच्या शिक्षकांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे.

संगणक-साक्षरतेवर दूरदर्शन-मालिका करायची आणि तिच्या जोडीला घरात-शाळेत वापरता येईल असे यंत्र द्यायचे, अशी बीबीसीची योजना होती. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८१ साली आठवड्याभरात एक नमुना उभा केला आणि काम मिळवले. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आले. आत ६५०२ हा आठ-बिटी प्रक्रियक, त्याच्या घड्याळाचे सेकंदाला २० लाख ठोके, आणि 'बी' नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती. आजच्या फोनमधले एक साधे छायाचित्रही एवढ्या जागेत मावणार नाही. पण यंत्राच्या पाठीवर आणि पोटाखाली जोडण्यांच्या खाचाच खाचा होत्या. चार वाहिन्यांवरून विद्युतदाब मोजता येई, म्हणजे थर्मिस्टर जोडला की थंड होणाऱ्या पाण्याचा आलेख पडद्यावर उमटायचा. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून काय हवे?

भारताशी या यंत्राचा संबंध थेट आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांमध्ये संगणक-साक्षरतेसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तो बीबीसी मायक्रो घेऊनच. पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळा होत्या, पुढे ही संख्या बरीच वाढली. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समधून 'युनिकॉर्न' या नावाने याच यंत्राची भारतीय आवृत्तीही निघाली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या काही वाचकांनी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम याच काळ्या-तांबड्या कळफलकावर लिहिला असेल.

चाळीस वर्षांचे यंत्र चालू ठेवायचे तर त्याची दुखणी माहीत हवीत. सर्वांत प्रसिद्ध दुखणे वीजपुरवठ्याच्या पेटीत असते. तिथे वीजवाहिनीतला खरखराट गाळण्यासाठी धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कपॅसिटर बसवलेले असत. काळाने त्यांच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला बारीक तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो. मग वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र कोणी हौसेने चालू करतो, आणि काही मिनिटांत खोली उग्र वासाच्या धुराने भरून जाते. गंमत अशी, की एवढे होऊनही संगणक बहुधा चालूच राहतो. हे कपॅसिटर मुख्य कामाचे नव्हेत, फक्त गाळणीचे. ते आधीच बदलले की काम भागते, आणि खर्चही किरकोळ.

चिपांचे तसे नाही. बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण चिपा आजही इकडून तिकडून पैदा करता येतात. पण पडद्यावरचे चित्र रंगवणारी एक चिप एकॉर्नने खास या यंत्रासाठी करवून घेतली होती. ती चांगलीच तापते, आणि मेली की दुसरी फक्त दुसऱ्या बीबीसी मायक्रोतूनच काढावी लागते. एक जगवायला दुसरे मारायचे, हा हिशेब फार काळ चालणारा नव्हे. म्हणून हौशी मंडळींनी त्या चिपेचे बाहेरून दिसणारे वागणे बारकाईने तपासले आणि त्याच खाचेत बसणारी नवी तबकडी तयार केली. जुन्या चिपेला आठ मूळ रंग येत, नवीला ४०९६ छटांतून निवड करता येते. काहींना ही सुधारणा म्हणजे भ्रष्टाकार वाटतो. मला वाटत नाही. जुन्या वाड्याचा वासा कुजला तर नवा घालावाच लागतो, फक्त तो नवा आहे एवढे लिहून ठेवावे.

हे सगळे शक्य झाले त्याचे एक कारण कागदपत्रांत आहे. यंत्रासोबत मिळणारे जाडजूड पुस्तक बेसिक भाषेच्या पलीकडे जाऊन प्रक्रियकाच्या भाषेपर्यंत नेत असे, आणि दुरुस्तीच्या पुस्तिकेत विद्युत-आराखडे छापलेले होते. त्याच काळातली आतले काही न सांगणारी यंत्रे जगवणे कितीतरी कठीण गेले आहे.

आता दुसरा मार्ग, यंत्राशिवाय यंत्र चालवण्याचा. आपल्याकडे बहुरूपी असतो. तो फौजदाराचे सोंग घेऊन दारात उभा राहिला की क्षणभर घरचे लोकही चपापतात. एम्युलेटर हा असाच संगणकी बहुरूपी. आजच्या संगणकावर चालणारा हा प्रोग्रॅम बीबीसी मायक्रोचे सोंग घेतो, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम त्याला खरे यंत्र समजून चालू लागतो. युक्ती मुळात सोपी आहे. समजा, जुन्या प्रोग्रॅममध्ये १६९ आणि ५ हे आकडे लागोपाठ आले. ६५०२ च्या भाषेत त्याचा अर्थ 'पाच हा आकडा संचायकात ठेव'. एम्युलेटर १६९ वाचतो, संचायक म्हणून राखून ठेवलेल्या जागेत ५ लिहितो, आणि 'घड्याळाचे दोन ठोके झाले' अशी नोंद करतो.

ही ठोक्यांची नोंदच खरी कसोटी. १९८४ साली केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी, डेव्हिड ब्रेबन व इयन बेल यांनी, 'एलिट' नावाचा अंतराळातील व्यापाराचा खेळ लिहिला. त्यांना पडद्याच्या वरच्या भागात बारीक रेघांची कृष्णधवल चित्रे हवी होती आणि खाली रंगीत फलक. यंत्र एका वेळी एकच प्रकार दाखवू शके. त्यांनी काय केले, तर चित्र वरून खाली रंगवले जात असतानाच, नेमक्या ओळीवर, प्रकार बदलून टाकला, तोही सेकंदाला पन्नास वेळा. पडद्याची एक ओळ काढायला प्रक्रियकाचे १२८ ठोके लागतात. एम्युलेटरने तेवढे ठोके चुकवले, तर सीमा एका ओळीने सरकते आणि सोंग उघडे पडते.

शिवाय ६५०२ च्या २५६ संभाव्य आज्ञांपैकी १५१ च निर्मात्यांनी जाहीर केल्या होत्या. उरलेल्या १०५ आकड्यांवरही चिप काहीतरी करतेच, आणि काही खेळांनी नक्कल रोखण्यासाठी नेमक्या याच आज्ञा वापरल्या. त्यांचे उत्तर पुस्तकात नाही, खऱ्या चिपेला विचारावे लागते. २०१० साली काही संशोधकांनी ६५०२ चे कवच काढून सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली आणि तिच्या साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या ट्रान्झिस्टरांचे चालते प्रतिरूप तयार केले. म्हणजे बहुरूप्याला सोंग वठवायचे तर मूळ माणूस कुठेतरी जिवंत असावा लागतो. यंत्रे जपणारे आणि एम्युलेटर लिहिणारे यांच्यात कोण श्रेष्ठ हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो.

या यंत्राच्या पोटाखाली 'ट्यूब' नावाची एक खाच आहे, दुसरा प्रक्रियक जोडण्यासाठी. विल्सन व फर्बर यांनी पुढे एआरएम हा नवा प्रक्रियक रचला. त्याची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये याच खाचेला जोडून चालवली गेली. एआरएमचे वंशज आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत, आणि रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकातही. हौशी मंडळी आता हा रास्पबेरी पाय त्याच ट्यूबला जोडतात. मध्ये फक्त पाच व्होल्ट व ३.३ व्होल्ट यांचा मेळ घालणारी छोटी पट्टी लागते. नातू आजीच्या घरी चाकरीला यावा, तसे हे आहे.

डूम्सडेच्या चकत्यांकडे पुन्हा वळू. २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी आजच्या धाटणीच्या संगणकावर ती सामग्री चालवून दाखवली. त्यासाठी त्यांनी पाया म्हणून घेतलेला 'बीबएम' हा एम्युलेटर हौशी लोकांनी १९९४ पासून फावल्या वेळात घडवलेला होता. तरी एक गुंता उरला. या चकत्यांवर छायाचित्रे आकड्यांत नसून दूरचित्रवाणीच्या जुन्या संकेतांच्या रूपात होती, एका बाजूवर ५४,००० चित्रे मावत. फाइल उचलून ठेवावी तसे हे करता येत नाही. हौशी मंडळींनी पुढे वेगळाच उपाय काढला. चकती वाचणाऱ्या लेसरचा कच्चा संकेतच, चकतीयंत्राने त्याचा अर्थ लावण्यापूर्वी, सेकंदाला चार कोटी नमुने घेऊन टिपायचा आणि अर्थ नंतर सवडीने लावायचा. आज अर्थ चुकला, तर उद्या पुन्हा लावता येतो.

फ्लॉपीच्या बाबतीतही हीच रीत आहे, आणि इथे आपल्या शाळांचा संबंध येतो. कपाटात त्या काळच्या सव्वापाच इंची फ्लॉपी असतील, एखाद्या शिक्षकाने स्वतः लिहिलेला बेसिकमधला पाठ त्यांवर असेल, तर जुन्या पीसीत घालून त्या 'कोऱ्या' ठरवू नका. बीबीसी मायक्रोची लिहिण्याची पद्धत बहुतेक पीसींना वाचता येत नाही. चुंबकीय बदलांच्या वेळा जशाच्या तशा टिपणारी छोटी उपकरणे आता मिळतात. एका फ्लॉपीवर जास्तीत जास्त काहीशे किलोबाइट असतात, आणि एका एसडी कार्डावर अशा पाचशेहून अधिक फ्लॉपी घेऊन खऱ्या यंत्रालाही ते कार्ड जोडता येते. मात्र फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके दिसत असतील, कोकणात ते दिसणारच, तर आधी साफ केल्याशिवाय ती फिरवू नये, नाहीतर वाचणारे डोकेच चकतीवरचा मुलामा खरवडून काढते. आणि सोबत यंत्र सापडले, तर ते चालू करण्याआधी वीजपुरवठ्याची पेटी जाणकाराकडून उघडून घ्यावी.