मिल कॉर्नर

औरंगाबादची कापड मिल १८८९ साली उभी राहिली आणि तिथं सातशेच्या घरात माणसं कामाला होती, हे मी फार पुढं वाचलं. त्याआधी ती मिल मला आजीच्या बोलण्यातूनच माहीत होती. छावणीतल्या आमच्या घरात भोंगा हेच घड्याळ. पहिल्या भोंग्याला चूल पेटायची, दुसऱ्याला पणजोबा फडक्यात भाकरी बांधून खाम नदी ओलांडायचे. नदीच्या अलीकडं इंग्रजांचं कलदार, पलीकडं निजामाचा हाली सिक्का. मजुरी हालीत मिळायची, छावणीतला वाणी कलदार मागायचा आणि हाली देऊन कलदार घेताना आठवड्याच्या तेलाचे पैसे जायचे. हे सांगताना आजीचा आवाज अजून रागानं चढायचा.

आजीला गावाची सगळी नावं पाठ होती. मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवली ती खडकी. त्याच्या मुलानं केलं फतेहनगर. १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत झालं औरंगाबाद. ‘नाव बदललं की गाव मोठं होतं का गं?’ असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘गाव नहरीनं मोठं झालं.’ अंबरानं उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं होतं. त्या पाण्यावर लाखोंची वस्ती पोसली गेली. पुढं १७६३ मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला नेली आणि हवेल्या ओस पडत गेल्या. दरबार उठला तसं हिमरू कापड विणणाऱ्यांचं मोठं गिऱ्हाईकही गेलं.

मग १९०० साली रेल्वे आली. कापसाच्या गाठी मनमाडला लहान गाडीतून मोठ्या गाडीत चढवायच्या, तिथून मुंबई बंदर. मराठवाड्याला समुद्र नाही, पण इथल्या कापसाचा भाव बंदरावरच्या उलाढालीवर हलायचा. पैठणचा माल वीस दिवसांची वाट तुडवून भरूचच्या बंदराला जायचा, असं दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथात लिहून ठेवलंय. आता जालन्याजवळ ड्राय पोर्ट उभं राहतंय. जुनी वाट नव्यानं बांधायचा हा प्रयत्न मला मनापासून आवडतो.

मिल पुढं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि शेवटी थांबली. शहर मात्र थांबलं नाही. चिकलठाण्यात एमआयडीसी आली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि स्कूटरच्या सुट्या भागांवर शेकडो लहान शेड जगू लागल्या. पण साच्यावर ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना वाळूजच्या फाटकावर कोण विचारणार? आयटीआयवाली पोरं आत गेली. आमच्या गल्लीतले मिलवाले गुरुवारच्या बाजारात कडबा, दोरखंड विकायला बसले. शहर सावरलं असं म्हणताना ही माणसं हिशेबात धरली पाहिजेत, यावर मी ठाम आहे.

२०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. शेंद्रा-बिडकीनला ‘ऑरिक’ या नव्या औद्योगिक शहराची सहापदरी स्वप्नं आहेत. लोखंडी पुलाजवळ खामचा काठ साफ करून बाग केली, तिथं संध्याकाळी पोरं खेळतात, आणि ज्या नदीच्या वासानं आम्ही नाक धरायचो तिच्याकाठी माणसं बसतात. छावणी परिषद, महापालिका आणि नागरिक एकत्र आले म्हणून हे घडलं. याचा मला अभिमान आहे.

तरी नळाला पाणी कधी कधी आठवड्याहून जास्त दिवसांनी येतं. पैठणचं जायकवाडी भरलेलं असतं तेव्हाही. नव्या कारखानदारांना चोवीस तास पाण्याची हमी देताना जुन्या वस्त्यांच्या जलवाहिनीची तारीखही त्याच कागदावर लिहा, अशी मागणी आमच्या गल्लीनं केली आहे. अर्जावर मिलवाल्यांच्या नातवांच्या सह्या आहेत.